आयर्लंडची अडीच-अडीच वर्षं

गेल्या अंकात सत्तावाटपाबद्दलच्या एका पत्राला उत्तर देताना मी सहज लिहून गेले की, आयर्लंडमधल्या दोन हाडवैरी पक्षांनी २०२० साली पंतप्रधानपद वाटून घेतलं आणि ठरल्या वेळी पहिल्यानं खुर्ची सोडलीसुद्धा. त्या एका वाक्यावर पत्रांचा ढीग आला. 'अडीच-अडीच वर्षं' हे शब्द २०१९ पासून आपल्याकडं कुणी उच्चारले की माणसं सावरून बसतात, त्याचाच हा परिणाम असणार. म्हणून हा महिना आयर्लंडचा. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी कळवलंय, तेव्हा सगळ्यांचीच गाळली आहेत.

बाई, नमस्कार. हे दोन पक्ष भांडतात तरी कशावरून? एक डावा आणि एक उजवा असता तर समजलं असतं. तुम्ही म्हणता दोघंही मधलेच. मग इतकी वर्षं वैर कशाचं?
*द्राक्षबागायतदार, तासगाव*

वैर भावकीचं आहे, म्हणून तर एवढं टिकलं. फिआना फॉल आणि फिना गेल हे दोन्ही पक्ष मूळच्या एकाच शिन फेनमधून निघालेले. १९१८ च्या निवडणुकीत शिन फेननं आयर्लंडमधल्या १०५ पैकी ७३ जागा जिंकल्या आणि लंडनच्या पार्लमेंटात जाण्याऐवजी २१ जानेवारी १९१९ रोजी डब्लिनमध्ये स्वतःची सभा भरवली. ती डॉल. तिथल्या लोकसभेचं नाव आजही तेच आहे. ब्रिटिश कोर्टांकडं पाठ फिरवून त्यांनी आपली न्यायालयं चालवली. हे सातारा-सांगलीच्या माणसाला वेगळं समजावून सांगायला नको. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं गावोगाव न्यायनिवाडे कसे केले हे ऐकतच आपण वाढलो.

मग ६ डिसेंबर १९२१ ला ब्रिटनशी तह झाला. बत्तीसपैकी सव्वीस परगण्यांचं राज्य मिळालं, पण राजाशी निष्ठेची शपथ कायम आणि उत्तरेचे सहा परगणे ब्रिटनकडंच. डॉलमध्ये ७ जानेवारी १९२२ ला मतदान झालं: ६४ बाजूनं, ५७ विरोधात. सात मतांनी देश दुभंगला. जून १९२२ ते मे १९२३ यादवी चालली. तहावर सही करणारा मायकल कॉलिन्स ऑगस्टमध्ये आपल्याच कॉर्क परगण्यात गोळी लागून मेला. तहविरोधकांचे पुढारी डी व्हॅलेरा यांनी १९२६ मध्ये फिआना फॉल काढला. तहवाल्यांचा वारसा १९३३ पासून फिना गेल सांगतो.

पुढं शेतीवर, करांवर, चर्चवर, युरोपवर दोघांत सांगण्यासारखं अंतर कधीच नव्हतं. तुमचे आजोबा बावीस साली कुठल्या बाजूला होते यावर मत ठरायचं. ही जखम किती खोल होती याचा एक दाखला देते. १९४८ मध्ये पाच पक्ष आणि काही अपक्ष मिळून डी व्हॅलेरांना सोळा वर्षांनी घालवायला निघाले. त्यातला सगळ्यांत मोठा पक्ष फिना गेल, त्याचे नेते रिचर्ड मल्काही. पंतप्रधानपद त्यांच्याकडंच यायचं. पण यादवीत मल्काही सरकारी सैन्याचे प्रमुख होते, त्यांच्या अमलात तहविरोधी कैद्यांना गोळ्या घातल्या गेल्या होत्या, आणि मित्रपक्षाचे नेते शॉन मॅकब्राइड त्या विरोधकांतलेच. ते म्हणाले, मल्काहींच्या हाताखाली बसणार नाही. मल्काही बाजूला झाले, शिक्षणखातं घेतलं, आणि जॉन कॉस्टेलो नावाच्या वकिलाच्या गळ्यात पंतप्रधानपदाची माळ पडली. आपल्याकडं एवढ्या सहज कुणी बाजूला होईल का, हा प्रश्न मी तुमच्यावरच सोडते.

ज्येष्ठ सांगलीकरांना १९७८ आठवत असेल. जनता पक्ष ९९ जागा घेऊन पहिला आला, तेव्हा निवडणुकीत एकमेकींवर तुटून पडलेल्या दोन काँग्रेस निकालानंतर एकत्र आल्या. वसंतदादा मुख्यमंत्री, नासिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री. तिसऱ्याला बाहेर ठेवण्यासाठी एकाच घरातल्या दोघांनी जुळवून घ्यायचं, हाच तो प्रकार. फक्त आपल्याकडची फूट तेव्हा जेमतेम दोन महिन्यांची जुनी होती आणि तिथं ९८ वर्षं जावी लागली. आपलं सरकार मात्र जुलैपर्यंतच टिकलं, ते कुणी पाडलं हे सांगायला नको.

आमच्या पॅनेलमध्ये उपसरपंचपद सव्वा-सव्वा वर्षाचं ठरलं होतं. पहिला गडी आता राजीनामा देईना. घरी गेलं की चहा पाजतो आणि पावसापाण्याचं काढतो. आयर्लंडात त्या माणसानं खुर्ची सोडली ती कशी? देवाची आण घातली होती का?
*ग्रामपंचायत सदस्य, वाळवा तालुका*

आण घालून भागलं असतं तर महाराष्ट्राचा इतिहास वेगळा झाला असता. आधी आकडे बघा. फेब्रुवारी २०२० मध्ये डॉलच्या १६० जागांपैकी फिआना फॉलला ३८, शिन फेनला ३७ आणि फिना गेलला ३५ मिळाल्या. (हा आजचा शिन फेन म्हणजे आयआरए या बंडखोर संघटनेच्या सशस्त्र लढ्याच्या बाजूनं उभा राहिलेला पक्ष, त्याच्याबरोबर सत्तेत बसायचं नाही असं बाकीच्या दोघांनी निवडणुकीआधीच सांगितलेलं.) मग उरला एकच मार्ग. दोन जुने वैरी मिळून ७३ होत होते, त्यात ग्रीन पक्षाचे १२ घेतले की झालं.

आता तुमच्या आणि त्यांच्या ठरावातला फरक. तुमचं ठरलं ते बहुधा कुणाच्या तरी मळ्यात, रात्री, जेवणानंतर, पाच-सात जणांत. बाकी गावाला ते 'कळलं' असेल, सांगितलं कुणी नसेल. तिथं सरकारच्या कार्यक्रमाचा शंभरावर पानांचा मसुदा छापून जाहीर केला. पंतप्रधानपदाचा खांदेपालट डिसेंबर २०२२ मध्ये, हे सगळ्या देशाला माहीत. मग तो मसुदा तिन्ही पक्षांनी आपापल्या घरात मंजुरीला ठेवला. फिना गेलनं आपल्या लोकप्रतिनिधी-पदाधिकाऱ्यांपुढं, बाकी दोघांनी सगळ्या सभासदांपुढं. सभासद म्हणजे वर्गणी भरून पावती घेतलेला साधा कार्यकर्ता. फिआना फॉलमध्ये ७४ टक्क्यांनी होकार दिला. ग्रीन पक्षाच्या नियमाप्रमाणं दोन-तृतीयांश लागतात, तिथं ७६ टक्के मिळाले. महामारीमुळं सभासदांचं मतदान टपालानं चाललं होतं आणि ग्रीनचं काय होतंय याची शेवटपर्यंत धाकधूक होती.

मिहॉल मार्टिन २७ जून २०२० ला पंतप्रधान झाले. पायउतार व्हायचा दिवस होता १५ डिसेंबर २०२२. त्या दिवशी युरोपीय देशांच्या प्रमुखांची बैठक आली, म्हणून तो दोन दिवस पुढं गेला. १७ तारखेला मार्टिननी राजीनामा दिला आणि उपपंतप्रधान होऊन परराष्ट्रखातं घेतलं; फिना गेलचे लिओ वराडकर वर आले. न सोडून बसले असते तर? फिना गेलनं पाठिंबा काढला असता, निवडणूक लागली असती, आणि त्या दिवसांत जनमत चाचण्यांत शिन फेन सगळ्यांच्या पुढं होता. शब्द पाळण्यात सज्जनपणा किती आणि धाक किती याचा हिशेब ज्यानं त्यानं करावा. मला धाकच जास्त दिसतो, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. आता पुन्हा तेच ठरलंय: जानेवारी २०२५ पासून मार्टिन, नोव्हेंबर २०२७ मध्ये फिना गेलचे सायमन हॅरिस.

तुमच्या उपसरपंचाचं म्हणाल तर असला तोंडी करार कायद्यात टिकत नाही. अविश्वास ठराव हा एकच रस्ता. विरोधी पॅनेलच्या पाया न पडता तेवढी माणसं तुमच्याकडं जमतात का, ते आधी मोजा. तो निवांत चहा पाजतोय म्हणजे त्यानं मोजून ठेवलंय.

शिक्षक मतदारसंघात आपण १, २, ३ असे पसंतीक्रम लिहितो, तीच पद्धत आयर्लंडमध्ये सार्वत्रिक निवडणुकीला आहे असे वाचले. सामान्य मतदारास ती जमते का? मोजणी कशी होते? आणि मतदानयंत्रे का नाहीत?
*निवृत्त मुख्याध्यापक, कराड*

सर, पुणे विभागाच्या निवडणुकीत तो जांभळा स्केचपेन आपण दोघांनीही हातात धरलेला आहे, त्यामुळं तुम्हाला लिहायला बरं वाटतं. सामान्य मतदाराला जमतं. तिथं बाद मतांचं प्रमाण शंभरात एकाहूनही कमी असतं. आपल्याकडं मी मोजणीच्या टेबलावर बसलेली आहे. पदव्युत्तर शिकलेल्या माणसांनी आकड्याऐवजी बरोबरची खूण केलेल्या, '१' लिहून शेजारी दिमाखात सही ठोकलेल्या मतपत्रिका बादच्या गठ्ठ्यात जाताना पाहिल्या आहेत. एकानं सगळ्यांनाच '१' दिला होता. कुणाला नाराज करायचं नसेल.

पद्धत अशी. २०२४ च्या निवडणुकीत ४३ मतदारसंघ होते, प्रत्येकातून तीन, चार किंवा पाच जण निवडायचे, एकूण १७४. समजा पाच जागांच्या मतदारसंघात ६०,००० वैध मतं पडली. त्याला सहानं भागायचं आणि एक मिळवायचा: १०,००१ हा कोटा. जो तो गाठेल तो निवडून आला, आणि त्याची वरची मतं दुसऱ्या पसंतीप्रमाणं पुढं सरकतात. कुणीच पोचलं नाही तर तळाचा उमेदवार बाद, त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीकडं. असं दहा-बारा फेऱ्या चालतं, कधी दोन-तीन दिवस. आपल्याकडं राज्यसभा, विधान परिषद आणि राष्ट्रपतिपद याच धर्तीवर ठरतं. १९६९ मध्ये व्ही. व्ही. गिरी दुसऱ्या पसंतीची मतं मोजल्यावर राष्ट्रपती झाले, आणि योगायोग बघा, तरुणपणी ते कायदा शिकायला होते डब्लिनमध्येच.

मला यातला सगळ्यांत आवडतो तो मोजणीच्या सकाळचा भाग. मतदानाच्या दुसऱ्या दिवशी नऊ वाजता, एखाद्या क्रीडासंकुलात, पेट्या टेबलांवर उपड्या करतात. कर्मचारी एकेक चिठ्ठी उलगडून तोंड वर करून ठेवतो. कठड्याच्या अलीकडं सगळ्या पक्षांचे कार्यकर्ते ओणवे होऊन, हातात पाटी आणि पेन्सिल, प्रत्येक चिठ्ठीवरचा '१' बघून रेघा ओढत असतात. चार उभ्या, पाचवी आडवी. एकट्या पक्षाला सगळ्या टेबलांवर माणसं पुरत नाहीत, म्हणून काल रात्रीपर्यंत एकमेकांना पाण्यात पाहणारे हे लोक पेट्या वाटून घेतात आणि आकडे एकत्र करतात. अधिकृत पहिली फेरी जाहीर व्हायच्या आत, कुठल्या आळीत कुणाला किती पडली, हे त्यांना ठाऊक असतं. आमच्याकडं मोजणी प्रतिनिधी एकमेकांना पाण्याची बाटलीसुद्धा देत नाहीत.

या पद्धतीचा परिणाम प्रचारावर होतो. दारात आलेला उमेदवार तुमचं पहिलं मत दुसऱ्याला आहे हे कळल्यावर तोंड वाकडं करून जात नाही. दुसरी पसंती तरी द्या म्हणतो. त्यामुळं समोरच्यावर हवं तसं तोंडसुख घेता येत नाही. उलट आपल्याच पक्षाचा दुसरा उमेदवार हा खरा शत्रू होतो, कारण दोघंही त्याच मतांवर जगतात. पक्षांतर्गत कुरघोड्यांच्या तिथल्या कथा आपल्या जिल्हा परिषदेला लाजवतील.

आणि आघाडीचा निकालही या मतपत्रिकांवरच लागतो. २०२० मध्ये शिन फेनला पहिल्या पसंतीची सर्वाधिक, २४.५ टक्के मतं मिळाली, पण त्यांनी उमेदवारच ४२ उभे केले होते. कोट्यावरची मतं घ्यायला घरचं माणूस नव्हतं, ती लहान डाव्या पक्षांकडं वाहून गेली. २०२४ मध्ये उलटं झालं. चार वर्षं एका सरकारात बसल्यावर फिआना फॉल आणि फिना गेलचे मतदार एकमेकांना बिनदिक्कत पुढची पसंती देऊ लागले. फिआना फॉलला पहिली पसंती सुमारे २२ टक्के, जागा मात्र १७४ पैकी ४८, म्हणजे २७ टक्क्यांच्या वर. आजोबांचं भांडण नेत्यांनी आधी मिटवलं आणि नातवंडांनी मागून.

मोठ्या पक्षाला ही पद्धत जाचतेच. फिआना फॉलनं ती मोडून आपल्यासारखी सरळ पद्धत आणायला १९५९ आणि १९६८ मध्ये सार्वमत घेतलं. लोक दोन्ही वेळा नाही म्हणाले. १९५९ ची गंमत अशी की त्याच दिवशी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती. लोकांनी डी व्हॅलेरांना राष्ट्राध्यक्ष केलं आणि त्यांचा प्रस्ताव पाडला.

यंत्रं घेतली होती. २००२ मध्ये तीन मतदारसंघांत वापरलीही. मग कागदी पुरावा नाही म्हणून शंका निघाल्या आणि पाच कोटी युरोंहून जास्त खर्चाचा हा कारभार गोदामात पडून राहिला. २०१२ मध्ये यंत्रं भंगारात काढली, हाती आले सुमारे ७० हजार युरो. यावर मी भाष्य करत नाही, संपादकांनी जागा कमी दिली आहे.

माझा मुलगा तीन वर्षं डब्लिनला कामाला आहे. पासपोर्ट भारताचाच. तरी तिथं मत देऊन आलो म्हणाला. मला थाप वाटते.
*गृहिणी, सातारा*

ताई, पोरावर विश्वास ठेवा. तिथल्या नगरपालिका-परगण्यांच्या निवडणुकीत, जी ७ जून २०२४ ला झाली, तिथं राहणाऱ्या कुणालाही मत देता येतं. नागरिकत्व लागत नाही. डॉलच्या निवडणुकीत मात्र त्याला मत नाही. नोव्हेंबर २०२४ च्या डॉलच्या निवडणुकीतही देऊन आलो म्हणाला असेल, तर ती थाप.

मॅडम, मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. आयर्लंडमध्ये त्रिशंकू निकाल लागला तर सरकार बनवायला कोण बोलावतं? तिथं पहाटेचा शपथविधी होऊ शकतो का?
*विद्यार्थी, विटा*

कुणी बोलावत नाही, इथंच सगळी मेख आहे. डॉल भरते, पंतप्रधानाचं नाव मांडलं जातं, मतदान होतं. बहुमत मिळालं तरच राष्ट्राध्यक्ष नेमणूक करतात. त्यात त्यांना डावं-उजवं करता येत नाही. आपल्याकडं राज्यपाल आधी शपथ देतात आणि बहुमत मागाहून सिद्ध करायचं. २३ नोव्हेंबर २०१९ ला सकाळी आठच्या सुमारास राजभवनात जे झालं, ते तिथल्या क्रमात बसतच नाही. शपथविधी पहाटे ठेवायला हरकत नाही, पण आधी डॉलला रात्रभर जागवावं लागेल.

बहुमत कुणालाच नसेल तर जुना पंतप्रधान राजीनामा देऊन काळजीवाहू म्हणून राहतो. राष्ट्रपती राजवटीसारखं काही नाही, त्यामुळं कुणाला घाईही नाही. २०१६ मध्ये निवडणुकीपासून सरकार यायला ७० दिवस लागले. २०२० मध्ये १४०. निवडणुकीत तिसऱ्या नंबरवर गेलेल्या पक्षाचे वराडकर त्या काळात काळजीवाहू पंतप्रधान म्हणून महामारीचं सगळं निभावत होते. २०२४ च्या निवडणुकीनंतर ५५ दिवसांत जमलं. आपल्याकडं २०१९ मध्ये निकालापासून राष्ट्रपती राजवटीपर्यंत तीन आठवडेसुद्धा गेले नाहीत.

२०१६ चा प्रयोग परीक्षेला विचारणार नाहीत, पण समजून घे. फिना गेल ५० जागा, फिआना फॉल ४४. एकत्र बसायचं धाडस नव्हतं. तेव्हा फिआना फॉल विरोधी बाकांवरच बसला आणि लेखी करार केला की अर्थसंकल्प आणि विश्वासदर्शक ठरावाला आम्ही तटस्थ राहू. तीन अर्थसंकल्पांचा करार होता. ब्रेक्झिटच्या गोंधळात आणखी एक वर्ष वाढवला. वैऱ्याच्या मेहरबानीवर सरकार चार वर्षं चाललं. २०२० ची वाट तिथंच पडली.

लक्षात ठेवण्यासारखं आणखी: आपली मार्गदर्शक तत्त्वं आयर्लंडच्या १९३७ च्या घटनेवरून घेतली, राज्यसभेतल्या १२ नियुक्त सदस्यांची कल्पनाही तिथलीच. तिथं मंत्रिमंडळ घटनेनंच पंधरापुरतं मर्यादित आहे. आपल्यासारखा पक्षांतरबंदी कायदा नाही.

ते वराडकर आपलेच ना?
*किराणा व्यापारी, कवठेमहांकाळ*

वडील मुंबईचे डॉक्टर, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड, आई आयरिश. २०१९ च्या डिसेंबरात ते वराडला येऊनही गेले. आपले म्हणा, पण कोकणातल्या माणसांना विचारून. मार्च २०२४ मध्ये त्यांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं.

तिथं आमदार पळवापळवी चालते का? अपक्षांना भाव येतो का? का सगळे संत आहेत?
*रिक्षाचालक, मिरज*

संत? ऐका. ऑगस्ट १९२७. डी व्हॅलेरा आणि मंडळी नुकतीच डॉलमध्ये येऊन बसली होती. सरकारविरुद्ध अविश्वास ठराव आला आणि मतं मोजली तर ७१ विरुद्ध ७१. अध्यक्षांनी आपलं मत सरकारच्या पारड्यात टाकलं, सरकार वाचलं. समान कशी पडली? स्लायगोचे जॉन जिंक्स नावाचे एका लहान पक्षाचे सदस्य, जे विरोधात मत देणार होते, ते सभागृहातून गायब. सरकारच्या माणसांनी त्यांना दारू पाजून स्लायगोच्या गाडीत बसवलं, अशी आवई उठली. जिंक्स म्हणाले, मी माझ्या मनानं उठून गेलो. गुवाहाटीपर्यंत विमानं नव्हती तेव्हाची गोष्ट, रेल्वेवर भागलं.

अपक्षांचा भाव बघायचा तर १९८२. जानेवारीत गॅरेट फिट्झजेरल्ड यांच्या सरकारनं अर्थसंकल्पात कपडे आणि पादत्राणांवर कर लावला, त्यात लहान मुलांचे बूटही आले. मुलांचे बूट वगळले तर लहान पावलांच्या बायका तेच घेऊन कर चुकवतील, असलं समर्थन पुढं आलं. लोक आजही त्याची टर उडवतात. लिमरिकचे अपक्ष जिम केमी यांनी विरोधात मत दिलं आणि ८२ विरुद्ध ८१ नं सरकार गेलं. बुटांनी पाडलेलं सरकार म्हणून ते ओळखलं जातं.

पुढच्या महिन्यात निवडणूक, पुन्हा त्रिशंकू. डब्लिनच्या मध्यवस्तीतून टोनी ग्रेगरी नावाचा तरुण शिक्षक अपक्ष निवडून आला होता. टाय कधी न बांधणारा माणूस. फिआना फॉलचे चार्ल्स हॉही आणि फिट्झजेरल्ड दोघंही त्याच्या दारात. त्यानं वस्तीसाठी घरं, नोकऱ्या, शाळा, गोदीजवळची जमीन अशी लांबलचक यादी लिहून काढली, हॉहींची त्यावर सही घेतली आणि सगळा करार डॉलमध्ये वाचून दाखवला. मला हा माणूस फार आवडतो. पैशाची पेटी नाही, महामंडळ नाही. मागितलं ते वस्तीसाठी आणि सांगितलं ते माइकवर. सरकार नोव्हेंबरात पडलं आणि यादीतलं बरंचसं राहूनच गेलं, ते वेगळं.

आजचा अपक्ष एवढा भाबडा नाही. २०२४ ला फिआना फॉल ४८ आणि फिना गेल ३८ मिळून ८६, बहुमताला दोन कमी. मग अपक्षांचा एक गट आणि केरीचे हीली-रे बंधू जवळ केले. त्यांच्या वडिलांनीही १९९७ मध्ये अल्पमतातल्या सरकारला टेकू देऊन केरीचे रस्ते करून घेतले होते, घराण्याचा धंदाच तो. अपक्षांच्या गटातल्या व्हेरोना मर्फी डॉलच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या, धाकटा मायकल हीली-रे राज्यमंत्री झाला. गटातल्या ज्यांना पदं मिळाली नाहीत, ते म्हणाले की आम्ही सरकारला पाठिंबा देणार, पण बोलायची वेळ आम्हाला विरोधकांच्या वाट्यातून द्या! २२ जानेवारी २०२५ ला त्यावरून असा गदारोळ झाला की पंतप्रधानाची निवडच होऊ शकली नाही. दुसऱ्या दिवशी ९५ विरुद्ध ७६ मतांनी मार्टिन निवडून आले.

मी एका छोट्या पक्षाचा कार्यकर्ता आहे. मोठ्यांच्या सरकारात जावं की बाहेर राहावं यावर आमच्यात नेहमी वाद होतो. आयर्लंडचा अनुभव काय?
*पलूस*

अनुभव रडवणारा आहे. लेबर पक्ष २०११ मध्ये ३७ जागा घेऊन फिना गेलबरोबर गेला. मंदीचे दिवस, खर्चकपातीचे निर्णय, शिव्या सगळ्या लेबरला. २०१६ मध्ये उरले सात. ग्रीन पक्ष २००७ मध्ये सहा जागांवर फिआना फॉलबरोबर गेला, २०११ मध्ये शून्य झाला. पुन्हा उभा राहिला, २०२० ला १२, पुन्हा सत्तेत, २०२४ ला एक. प्रोग्रेसिव्ह डेमोक्रॅट्स म्हणून एक पक्ष होता. १९८९ मध्ये त्यांनी सहा जागांच्या जोरावर फिआना फॉलला पहिल्यांदा आघाडी करायला लावली. तोपर्यंत फिआना फॉल आघाडी हा शब्दच विटाळ मानायचा. तो सहा जागांचा पक्ष २००९ मध्ये विसर्जित झाला, फिआना फॉलला मात्र आघाडीची सवय लागली.

मोठा पक्ष मरत नाही असंही नाही. फिआना फॉल २०११ मध्ये सत्तरच्या वरून थेट वीसवर आला होता. पण त्याला गावोगाव शाखा असतात, नगरपालिका असतात, तो परत उठतो. लहान पक्षाकडं फक्त त्याचा मुद्दा असतो, आणि मुद्द्यावर तडजोड केली की मतदार हिशेब मागतो.

तरी जाणारे काही मिळवतातही. ग्रीननं २०२१ चा हवामान कायदा करून घेतला, त्यात २०३० पर्यंत उत्सर्जन ५१ टक्क्यांनी कमी करायचं बंधन आहे. लेबर सरकारात असताना २०१५ मध्ये समलिंगी विवाहाचं सार्वमत झालं. बारा आमदारांचा पक्ष विरोधात बसून असा कायदा करून घेऊ शकला नसता. म्हणून मी तुमच्यातल्या 'जाऊ या' म्हणणाऱ्यांना मूर्ख म्हणणार नाही. मात्र कुठल्या एका कामासाठी जातोय ते त्यांना आधी लिहून द्यायला सांगा. दोन कामं लिहिली तर खोडा.

२०२४ च्या निकालानंतर लेबर आणि सोशल डेमोक्रॅट्स या दोघांकडं प्रत्येकी ११ जागा होत्या. मोठ्यांनी त्यांच्याशी बोलणी करून पाहिली. ग्रीनचं काय झालं ते दोघांच्याही डोळ्यांसमोर होतं, दोघंही बाहेर राहिले आणि मोठ्यांनी अपक्ष गाठले. बाहेर राहून त्यांनी पुढच्या वर्षी एक डाव साधला. ऑक्टोबर २०२५ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत शिन फेनसह हे सगळे विरोधक कॅथरीन कॉनोली या एका अपक्ष बाईंच्या मागं उभे राहिले आणि त्या मोठ्या फरकानं जिंकल्या. राष्ट्राध्यक्षाकडं सत्ता नसते, हे वर विट्याच्या विद्यार्थ्याला सांगितलंच आहे. त्यामुळं ही मोट डॉलच्या निवडणुकीपर्यंत टिकते का, यावर तिथं आता पैजा लागल्यात. तुमच्या बैठकीत वाद झाला तर कळवा.